रिकाम्या रकान्याचे काय करायचे?

समीक्षा म्हटली की कादंबरी, नाटक, फार तर सिनेमा, असं आपल्या डोळ्यांपुढे येतं. आज आम्ही एका आज्ञेची समीक्षा करणार आहोत. संगणकाला द्यायची आज्ञा, जिला सगळे 'कमांड' म्हणतात. तिचं नाव 'कॉलम'. लिनक्सच्या किंवा मॅकच्या टर्मिनलवर ती तयार असते. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. तुमच्याकडे स्वल्पविरामांनी तोडलेली वेडीवाकडी माहिती असते. ती या आज्ञेच्या हवाली केली की प्रत्येक रकान्यातला सर्वांत लांब शब्द ती शोधते, बाकीच्यांच्या पुढे तेवढ्या मोकळ्या जागा भरते आणि डोळ्यांना सुखावणारा तक्ता समोर ठेवते. 'कॉलम', पुढे हायफन टी, आणि स्वल्पविरामावर तोड अशी सूचना. एवढंच.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं यात कशाला पडावं, असं कुणी विचारेल. त्याचं कारण असं की तक्ता हा विधानांचा ढीग असतो. ओळीच्या सुरुवातीला जे असतं ते उद्देश्य, रकान्याच्या डोक्यावर जे असतं ते विधेय, आणि दोन्ही जिथं मिळतात त्या चौकटीत एक पूर्ण वाक्य दडलेलं असतं. 'सकाळी सहा वाजता नदीची पातळी इतकी होती.' हे वाक्य कुणीच उच्चारत नाही, पण तक्ता वाचणारा ते ऐकतो. आणि रकाने सरळ असले की तो ते जरा जास्तच विश्वासाने ऐकतो. वाकड्यातिकड्या अक्षरातला हिशेब आपण दोनदा तपासतो. छापील हिशेब एकदाही तपासत नाही.

आता नदीच म्हटलं, तर आपल्याच नदीकडे जाऊ. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जतवरून बदलापूरला येते आणि पुढे कल्याणकडे जाते. पावसाळ्यात बदलापूरकरांच्या तोंडी दोन आकडे असतात. १६.५० मीटर ही इशारा पातळी, १७.५० मीटर ही धोका पातळी. जुलै २०१९ मध्ये काय झालं ते इथे बसलेल्या अनेकांनी पाहिलंय. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. हजाराच्या आसपास प्रवासी होते, त्यांना २७ जुलैला बोटींतून बाहेर काढावं लागलं. त्या रात्री नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट हवी होती : पाणी चढतंय की उतरतंय? हेंद्रेपाडा, वालिवली या बाजूला राहणाऱ्या माणसाला पुराचं तत्त्वज्ञान नको असतं. त्याला दर तासाचा आकडा हवा असतो. फ्रिज वर उचलायचा का, आईला बहिणीकडे पोचवायचं का, हे तो त्या आकड्यावर ठरवतो.

समजा, गल्लीतला एखादा हौशी मुलगा असे आकडे गोळा करतो आणि एका साध्या फाईलमध्ये लिहितो. वेळ, नदीची पातळी मीटरमध्ये, तासाभराचा पाऊस मिलिमीटरमध्ये. आकडे आमचे आहेत, केवळ उदाहरणापुरते.

वेळ,पातळी,पाऊस
०५:००,१६.९०,११.०
०६:००,,१६.४
०७:००,१७.६०,९.२

सहा वाजताच्या ओळीत दोन स्वल्पविराम लागोपाठ आहेत. म्हणजे पातळीची नोंद नाही. अंधार असेल, मोजपट्टी पाण्याखाली गेली असेल, मोजणारा स्वतःच अडकला असेल. पावसाची नोंद मात्र आहे, १६.४ मिलिमीटर.

आता हा मुलगा मॅकवर बसलाय. मॅकवरची 'कॉलम' बीएसडी नावाच्या घराण्यातली आहे. लागोपाठ आलेले दोन स्वल्पविराम तिला एकच वाटतात. मधली रिकामी जागा तिच्या लेखी नसतेच. मग तक्ता असा उतरतो :

०५:००   १६.९०   ११.०
०६:००   १६.४
०७:००   १७.६०   ९.२

बघा नीट. पाऊस सरकून पातळीच्या खाली येऊन बसला. पाच वाजता १६.९०, सहा वाजता १६.४. वाचणारा म्हणणार, चला, इशारा पातळीच्याही खाली आली, पाणी उतरतंय, तासभर झोपूया. सात वाजता नदी धोक्याच्या वर. तक्ता कुठंही वाकडा दिसत नाही. उलट शेवटच्या रकान्यात एक जागा मोकळी आहे, तिच्यामुळे तो प्रामाणिकही वाटतो. वाचणाऱ्याला वाटतं की पावसाची नोंद राहिली असावी. जे नव्हतं ते आहे असं दिसलं आणि जे होतं ते नाही असं दिसलं.

हा दोष नेमका कुठे आहे हे नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर टीका ढिसाळ होते. लिनक्सवर मिळणारी 'कॉलम' वेगळ्या घराण्यातली. २०१७ मध्ये तिची जवळजवळ नव्याने बांधणी झाली. स्वल्पविरामावर तोड असं तिला सांगितलं, तर ती रिकामी चौकट रिकामी ठेवते. म्हणजे एकच नाव, एकच आज्ञा, एकच फाईल, आणि दोन यंत्रांवर दोन वेगळ्या नद्या. पण लिनक्सवाल्यांनीही लगेच खूश होऊ नये. ती सुबक झालेली ओळ पुढे 'ऑक'कडे पाठवा. ऑक ही याच कुटुंबातली दुसरी, फार समर्थ अशी आज्ञा. तिला काही वेगळं सांगितलं नाही तर ती मोकळ्या जागांवर शब्द तोडते, आणि कितीही मोकळ्या जागा असोत, त्यांना एकच धरते. झालं. रिकामी चौकट इथे नाहीशी झाली आणि १६.४ पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर आला. पहिल्या पायरीवर वाचलेली गोष्ट दुसऱ्या पायरीवर बुडाली.

म्हणून क्रमाला महत्त्व आहे. आधी माहिती, मग सजावट. आधी ऑकला सांगायचं की स्वल्पविरामावर तोड, प्रत्येक रकाना बघ, रिकामा असेल तर त्यात एक खूण घाल. हे दोन ओळींचं काम आहे. त्यानंतरच 'कॉलम'. आणि 'कॉलम'च्या पुढे काहीही नाही, कारण ते माणसाच्या डोळ्यांसाठी आहे. सजवलेला तक्ता पुन्हा यंत्राला खायला घालायचा नाही. पुष्कळ जण 'सेड' वापरून दोन स्वल्पविरामांच्या मध्ये काहीतरी कोंबतात. ते चालतं, पण एक गंमत आहे. तीन स्वल्पविराम लागोपाठ आले, म्हणजे दोन रिकाम्या चौकटी आल्या, की एका फेरीत पहिलीच भरते. मधला स्वल्पविराम पहिल्या जोडीत वापरला गेलेला असतो, त्यामुळे दुसरी जोडी सापडत नाही. तीच आज्ञा दोनदा चालवावी लागते. ज्यांना हे ठाऊक नसतं ते एकदा चालवतात, पहिल्या दहा ओळी बघतात आणि चहा प्यायला जातात.

आता खूण कोणती घालायची? इथे आमच्या धंद्यातली माणसं कामाला येतात.

वैशेषिकांनी जगातल्या सगळ्या पदार्थांची यादी केली. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. पुढच्या काळात त्या यादीत सातवा पदार्थ मानला गेला, अभाव. 'नसणं' हासुद्धा पदार्थ. विद्यार्थ्यांना हे शिकवताना वर्गात हमखास हसू यायचं. जे नाही त्याला यादीत क्रमांक कशाला? पण तक्ते करणाऱ्याने हसू नये. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रह' लिहिला, त्यातही अभावाचे चार प्रकार सांगितलेले आहेत, आणि आमच्या नदीच्या फाईलला ते चारही लागतात. आठ वाजताची नोंद अजून व्हायची आहे, आता नाही पण होईल, हा प्रागभाव. चार वाजताची नोंद झाली होती, पण कागद भिजून गेला, होती आणि गेली, हा प्रध्वंसाभाव. एखाद्या ठिकाणी पर्जन्यमापकच बसवलेला नाही, तिथं पावसाचा आकडा काल नव्हता, आज नाही, उद्याही येणार नाही, तो अत्यंताभाव. वायूला रूप नसतं म्हणतात, तसं. आणि चौथा अन्योन्याभाव. घट म्हणजे पट नव्हे. पाऊस म्हणजे पातळी नव्हे. मॅकवरच्या तक्त्यात जे घडलं ते काय होतं? तर या चौथ्याचा भंग. एक वस्तू दुसरीच्या जागी जाऊन बसली आणि कुणी हटकलं नाही.

पण थांबा. सहा वाजताची रिकामी चौकट या चारांत कुठे बसते? आमच्या मते कुठेच बसत नाही, आणि हा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. सहा वाजता नदीला पातळी होतीच. नदी होती, पाणी होतं, म्हणजे पातळी होती. नव्हतं ते आपलं ज्ञान. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांनी अनुपलब्धी नावाचं प्रमाण मानलं. न दिसण्यावरून 'नाही' हे कळतं. पण त्यांनी तिथं एक अट घातली. न दिसणं योग्य असलं पाहिजे. म्हणजे वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर पुस्तक दिसलं नाही तर 'पुस्तक नाही' म्हणता येतं. अंधाऱ्या खोलीत दिसलं नाही तर तसं म्हणता येत नाही. बुडालेली मोजपट्टी ही अंधारी खोली आहे. तेव्हा त्या चौकटीत शून्य घालणं हा अपराध, 'नाही' लिहिणं अपुरं, आणि ती चौकट मिटू देणं तर सर्वांत वाईट. तिथं लिहायचं 'दिसली नाही'.

शून्याचं सांगून टाकतो, कारण ते सर्रास घडतं. ऑकला रिकाम्या चौकटीची बेरीज करायला सांगितली तर ती निमूट शून्य धरते. एक शब्द बोलत नाही. सरासरी काढायला बसाल तर बारा तासांत एक शून्य मिसळून येईल आणि नदी एकदम शांत भासेल. आणखी एक, मराठी माणसासाठी खास. फाईलमध्ये अंक नागरीत असले, म्हणजे आपला १ आणि आपला ७, तर ऑकला ते अंक वाटतच नाहीत. ती त्यांनाही शून्य धरते. इथं आम्ही वाचकांसाठी नागरी अंक लिहितो आहोत, पण यंत्रात घालायच्या फाईलमध्ये इंग्रजी वळणाचे अंक ठेवा. आमच्या मराठी अभिमानाला ते बोचतं, पण पूर आल्यावर अभिमानाची बेरीज कुणी मागत नाही.

याला आपल्याकडे एक जुनं उदाहरण आहे आणि ते प्रत्येकाच्या घरात भिंतीवर टांगलेलं असतं. पंचांग. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, पाच अंगांचा तक्ता. सूर्योदय हा त्याचा काटा. ज्या तिथीला सूर्योदयच मिळत नाही तिचा क्षय होतो. आता पंचांगकर्त्याला सोपं होतं, ती तिथी गाळायची आणि पुढच्या सगळ्या वर सरकवायच्या. तो तसं करत नाही. अमुक तिथीचा क्षय आहे असं तो लिहून ठेवतो. एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, तर वृद्धी म्हणून तीही सांगतो. 'नसणं' नोंदवण्याची ही सवय आपल्या आजोबांच्या पिढीला इतकी अंगवळणी पडली होती की त्यात विशेष काही आहे असं कुणाला वाटलं नाही. 'कॉलम' लिहिणाऱ्यांनी पंचांग पाहिलं नव्हतं, हा काही त्यांचा दोष नाही.

त्यांच्या घरातलीच एक थोरली बहीण मात्र त्यांनी पाहिली असणार. 'टीबीएल' नावाचा कार्यक्रम. माइक लेस्क यांनी बेल प्रयोगशाळेत लिहिलेला, त्यावरचा त्यांचा निबंध १९७६ चा. त्याची रीत निराळी होती. तक्ता देण्याआधी तुम्हाला जाहीर करावं लागे की पहिला रकाना शब्दांचा, डावीकडे टेकवा, दुसरा आकड्यांचा, दशांशचिन्ह एकाखाली एक आणा, तिसरा मधोमध. हे सगळं एकेका अक्षराने सांगायचं. त्रासदायक होतं, कबूल. पण त्या त्रासात माणसाला विचार करावा लागे की हा रकाना कशाचा आहे. दशांशचिन्हं एका रेषेत आणली की १६.९० च्या खाली १६.४ लगेच खटकतो, कारण बाकी सगळ्या पातळ्या दोन दशांशांच्या आणि हा एकटाच एका दशांशाचा. 'कॉलम' काही विचारत नाही. तिला फक्त रुंदी कळते. सगळं डावीकडे टेकवते आणि मोकळी होते. लिनक्सवर उजवीकडे टेकवायची सोय आहे, पण ती मागावी लागते, आणि न मागता मिळणारी गोष्टच बहुतेक जण वापरतात. आमची मुख्य तक्रार ही आहे. सोय वाढली तसा प्रश्न विचारणारा नाहीसा झाला.

(श्रोत्यांतून प्रश्न : एवढी कटकट कशाला? एक्सेल आहे ना?)

आहे की. आमच्याकडेही आहे. पण उल्हासनगरचा पत्ता घालून पाहिलाय कधी? फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही वसाहत. लष्कराच्या बराकींत माणसं राहिली, १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि पत्ते कॅम्प, बराक, खोली असे पडले. आता बराक आणि खोली तिरक्या रेघेने लिहा, तीन तिरकी रेघ बारा. एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. कधी डिसेंबर, कधी मार्च, जशी तुमच्या यंत्राची तारखेची पद्धत असेल तसं. एका कुटुंबाचं घर दिनदर्शिकेत जातं. हसू नका, शास्त्रज्ञांचंही हेच झालं. मानवी जनुकांपैकी काहींची नावं मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांसारखी दिसत, एक्सेल त्यांच्या तारखा करी, आणि शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने त्या जनुकांचीच नावं बदलली. यंत्र बदललं नाही, जनुकांची नावं बदलली! कमांड लाइनचा मोठेपणा असा की तिथं काय केलं ते ओळींत लिहिलेलं राहतं. उद्या दुसरा माणूस तीच ओळ चालवून तेच पाहू शकतो. चूक असेल तर चुकीचा पत्ता सापडतो. टीका करत असलो तरी आम्ही या बाजूचे आहोत.

पत्त्यांचा विषय निघालाच आहे. 'कॉलम'ला काहीच न सांगता फाईल दिली तर ती मोकळ्या जागेवर तोडते. 'उल्हासनगर कॅम्प चार' हा तिला तीन रकान्यांचा ऐवज वाटतो. 'कुळगाव बदलापूर' दोन रकान्यांत जातं, आणि त्याच्यापुढची लोकसंख्या एक घर उजवीकडे सरकते, 'अंबरनाथ'ची मात्र जागेवर राहते. बरं, स्वल्पविरामावर तोड म्हणावं, तर २०११ च्या जनगणनेतली उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ अशी आपल्या पद्धतीने लिहिलेली असते. तिचे तीन तुकडे. पाच, शून्य सहा, शून्य अठ्ठ्याण्णव. म्हणून टॅबने तोडलेली फाईल ठेवावी. टॅब कुणाच्या नावात नसतो आणि आकड्यातही नसतो. हे इतकं साधं आहे की शाळेत शिकवायला हवं.

आता मराठीचा खरा प्रश्न. समजा सगळं नीट केलं, टॅब घातले, रिकाम्या जागा भरल्या, तरी मराठी नावांचा रकाना सरळ येत नाही. का? कारण यंत्राला 'अक्षर' म्हणजे काय हे ठाऊक नाही. आपल्याच मार्गावरची दोन स्टेशनं घ्या. 'कल्याण' म्हणताना आपण तीन अक्षरं म्हणतो. क, ल्या, ण. 'विठ्ठलवाडी' म्हणताना पाच. वि, ठ्ठ, ल, वा, डी. पहिलीतलं मूलही एवढीच मोजेल. पण युनिकोडमध्ये काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडल्याची खूण वेगळी. त्या हिशेबाने कल्याण सहा आणि विठ्ठलवाडी दहा. साठवताना प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे अठरा आणि तीस. आणि पडद्यावर किती घरं लागतील याचा जो ठरावीक हिशेब यंत्रं करतात, त्यात पाय मोडल्याची खूण शून्य घरांची, काना-वेलांटी मात्र एकेका घराची. तिथं उत्तर येतं पाच आणि नऊ. एका शब्दाची चार मापं झाली. विठ्ठलवाडी एकाच वेळी पाच, नऊ, दहा आणि तीस.

कोण काय मोजतं? ऑकचे अनेक अवतार आहेत. 'मॉक' बाइट मोजते. तिला बारा घरांचा रकाना करायला सांगितला तर तिला विठ्ठलवाडी तीस वाटते, म्हणजे आधीच उतू गेलेली, म्हणून ती एकही मोकळी जागा घालत नाही. 'गॉक' युनिकोडची चिन्हं मोजते, तिचे रकाने कमी वाकडे येतात, पण वाकडेच. लिनक्सची 'कॉलम' घरं मोजते, ती त्यातल्या त्यात शहाणी. आणि एवढं करून शेवटी अक्षर रंगवणारं टर्मिनल आणि त्याचा फॉन्ट ठरवतो की 'ठ्ठ' एका घरात काढायचा की दोन घरांत. दोन टर्मिनलांवर दोन उत्तरं. म्हणजे बरोबर मोजणारी आज्ञाही बरोबर ठरेल याची खात्री नाही.

मूळ ऑकच्या तीन जनकांपैकी एक ब्रायन कर्निहान. १९७७ ची ती आज्ञा. त्यांनी २०२२ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, स्वतः बसून तिच्यात युनिकोडची जाण घातली. ही बातमी वाचून आम्हाला फार बरं वाटलं होतं, ते वेगळ्या कारणांनीही! पण त्यातही एकक आहे ते युनिकोडचं चिन्ह. आपलं जोडाक्षर नव्हे. इंग्रजीत चिन्ह, अक्षर आणि घर ही तिन्ही एकच निघतात, त्यामुळे तिथल्या माणसाला हा भेद कधी करावाच लागला नाही. ज्याला आम्ही अन्योन्याभाव म्हटलं तोच इथे पुन्हा. बाइट म्हणजे चिन्ह नव्हे, चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे, अक्षर म्हणजे घर नव्हे.

यावर आमचा उपाय अगदी घरगुती आहे. मराठी मजकुराचा रकाना शेवटी ठेवा. वेळ, पातळी, पाऊस आधी, आणि गावाचं नाव किंवा शेरा सर्वांत उजवीकडे. शेवटच्या रकान्यानंतर काहीच यायचं नसतं, त्यामुळे त्याची रुंदी कुणी मोजली काय, न मोजली काय, बिघडत नाही. आकडे आणि खुणा सगळ्या एकेका घराच्या, ते सरळ उभे राहतात. काहींना हे खटकतं. नाव आधी, मग माहिती, ही आपली सवय. पण सातबारा वाचणारा माणूस कोणत्याही रकान्यापासून सुरुवात करायला तयार असतो, त्याला शिकवावं लागत नाही.

एक बाजू अजून राहिली आणि ती रुंदीने सुटणारी नाही. चौकटीत आकडा आला की तो कुणी वाचला हे चौकट सांगत नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख घ्या. त्यातला शक आधी ७८२ असा वाचला गेला होता. पुढे तो ९८२ ठरला, म्हणजे इसवी सन १०६०. एका अंकाच्या वाचनाने मंदिर दोनशे वर्षं पुढे आलं. आता 'मंदिर' आणि 'सन' असे दोन रकाने करून 'अंबरनाथ, १०६०' लिहा. तक्ता बरोबर आहे. पण दगडावरचा अंक झिजलेला असू शकतो, त्यावर वाद झाला, एक वाचन मागे पडून दुसरं आलं, यातलं काहीही त्यात उरलं नाही. सतराव्या शतकात बेकनने निसर्गाच्या अभ्यासासाठी तक्ते मांडले, तेव्हा उष्णता कुठे आहे याच्या शेजारी, कुठे असायला हवी होती पण नाही, याचाही तक्ता त्याने केला होता. नसण्याला त्याने अख्खा कागद दिला. आपण एक रकाना तरी देऊ शकतो. 'कुणी पाहिलं, कसं पाहिलं' असा.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग तुमच्या त्या मुलाने सहाच्या ओळीत नेमकं काय लिहायचं?)

चांगला प्रश्न. आमच्या मते त्याने चार रकाने करावेत. वेळ, पातळी, पाऊस, शेरा, टॅबने तोडलेले. पातळी नसेल तिथं प्रश्नचिन्ह घालावं, कारण ते एकच घर घेतं आणि आकडा समजून कुणी त्याच्याकडे बघत नाही. आडवी रेघ नको, ती पुढच्या आकड्याला चिकटली तर उणे वाटते. अजून व्हायच्या नोंदीला दोन टिंबं चालतील. जिथं मापकच नाही तिथं फुली. खुणांचा अर्थ तक्त्याच्या खाली एका ओळीत लिहावा, कारण तक्ता पुढे पाठवला जातो आणि पाठवणारा सोबत जात नाही. आणि सर्वांना पाठवण्याआधी प्रत्येक ओळीत किती रकाने आहेत ते ऑकला मोजायला लावावं. टॅबवर तोड आणि रकान्यांची संख्या छाप, एवढंच सांगायचं. सगळीकडे चार आले पाहिजेत. कुठं तीन आला तर ती ओळ उघडून बघायची, बाकीचं थांबवायचं. हे करायला अर्धं मिनिट लागतं. मग सहाची ओळ अशी जाईल :

०६:००   ?   १६.४   मोजपट्टी दिसली नाही, पाऊस सुरू